कोरडी जर्सी

आमच्या दहिवडीत मॅच संपली की स्कोअर नंतर विचारतात. आधी जर्सी पिळतात.

हे भोइटे सरांचं शास्त्र. टर्फ पाण्यानं भिजवलेलं असतं. त्यावर जी झोपून टॅकल मारते ती चिंब होते. म्हणजे जी चिंब ती लढली, असा सरांचा साधा हिशोब. मॅच झाली की सर आम्हाला ओळीत उभं करायचे, एकेकीच्या जर्सीचं टोक धरून पिळायचे आणि जिच्या जर्सीतनं धार लागेल तिच्या पाठीवर दणकून थाप मारायचे. हुमेरा मुलाणीच्या जर्सीतनं कायम धार. माझ्या जर्सीतनं थेंब नाही.

"कोरडी!" सर म्हणायचे. "चल, पाइप गुंडाळ."

जी कोरडी तिनं मैदानाचे पाइप गुंडाळायचे, हा आमच्याकडचा दंड. ज्या माण तालुक्यात माणसं हंडे घेऊन टँकरमागं पळाली, तिथं आता सांडपाणी शुद्ध करून हॉकीचं मैदान भिजवतात आणि तिथंच कोरडं राहणं हा गुन्हा. हसायचं की रडायचं ते तुमचं तुम्ही ठरवा. मी तोवर पाइप गुंडाळत होते.

मी ईश्वरी शिंगाडे. डावीकडची फुलबॅक. हुमेरा उजवीकडची. आमच्या मागं फक्त गोलकीपर. शाळेपासून आम्ही दोघी एका डब्यात जेवलो, एकीची स्टिक मोडली की दुसरीच्या स्टिकवर आळीपाळीनं सराव केला. आणि एक गोष्ट छाती ठोकून सांगते, माझ्या बाजूनं गोल व्हायचेच नाहीत. फॉरवर्ड माझ्याकडं यायची, थबकायची, वळून दुसरीकडं जायची. मला झोपायची वेळच यायची नाही. मग मी काय उगाच लोळू? ज्या वाडीवस्तीत चोर पाऊलच टाकत नाही, तिथल्या राखणदाराला तुम्ही आळशी म्हणता का?

मी हे सरांना तोंडावर विचारलं होतं.

सर म्हणाले, "चोर आलाच नाही, तर तू राखण केलीस कशावरून?"

प्रश्न बरोबर होता, हीच तर चीड होती. मला उत्तर देता येत नव्हतं. जगात कुणालाच देता येत नव्हतं. टॅकल मोजता येतं, हिसकावलेला बॉल मोजता येतो. जे घडलंच नाही ते कशानं मोजणार?

ते मोजणारं यंत्र हुमेराच्या थोरल्या भावानं बनवलं.

अर्शददादा पुण्यात विनाचालक गाड्यांच्या कंपनीत होता. रस्त्यावरचा माणूस पुढचं पाऊल कुठं टाकणार हे ओळखायला तो गाड्यांना शिकवायचा. एका उन्हाळ्यात तो सुट्टीला आला, मैदानाच्या चारी बाजूंना खांबांवर कॅमेरे बसवले आणि आम्हाला म्हणाला, "खेळा. माझ्याकडं बघू नका."

"नाव काय ठेवलंस याचं?" मी विचारलं.

"आडकाठी."

मला नाव तिथंच आवडलं.

चहाच्या टपरीवर सरांची आणि दादाची जी जुंपली, ती ऐकायला अख्खी टीम गोळा झाली होती. दादानं समजावलं ते असं. माणूस बॉल मारायच्या आधी त्याचं अंग बोलतं. कंबर वळते, पुढचा पाय रुततो, मनगट उघडतं. कॅमेरा प्रत्येक सांधा बघतो. हजारो मॅच बघून यंत्र शिकलंय की अशी कंबर वळली की असा पास निघतो. आता समजा कंबर वळली, पाय रुतला, आणि पास निघालाच नाही. फॉरवर्डनं विचार बदलला. म्हणजे बेत मोडला.

"तो कुणी मोडला? तर यंत्र त्या क्षणातनं एक डिफेंडर काढून टाकतं," दादा म्हणाला. "तिच्या जागी एक सरासरी बाई उभी करतं. ना चांगली, ना वाईट. आणि तोच क्षण पुन्हा खेळवतं. हजारदा, दहा हजारदा. सरासरी बाई असताना जास्त गोल झाले, तर जेवढे जास्त झाले तेवढे त्या डिफेंडरनं अडवले."

"म्हणजे न झालेले गोल मोजणार?" सर म्हणाले.

"हो."

"मग मी न मारलेले गोल मोज. मी खेळत होतो तेव्हा हजार तरी मारले नसतील."

सगळ्या पोरी फिदीफिदी हसल्या. दादाही हसला. मी हसले नाही. ज्या प्रश्नापुढं मी गप्प बसले होते, त्याचं उत्तर हा माणूस बशीत चहा ओतत ओतत देत होता.

"सर," मी म्हटलं, "लावून तर बघू."

"तू गप. तुझे पाइप राहिलेत."

निकाल आला तो आठवड्याभराच्या मॅचेसनंतर, भर दुपारी, क्लबच्या भिंतीवरच्या पडद्यावर. राज्यातल्या बाकीच्या टीमच्या मॅचही दादानं यंत्राला खाऊ घातल्या होत्या. सगळ्यांत वरचं नाव ईश्वरी शिंगाडे.

मी नाचले. खोटं कशाला सांगू? टेबलावर चढून नाचले. पडद्यावर यंत्र मला माझेच क्षण दाखवत होतं. फॉरवर्ड येतेय, कंबर वळतेय, मी फक्त एक पाऊल डावीकडं सरकतेय आणि तिचं मनगट मिटतंय. माझं ते एक पाऊल! ते मी आयुष्यभर टाकत होते आणि आजवर कुणी बघितलं नव्हतं. आईनं नाही, सरांनी नाही.

मग हुमेराचा आवाज आला. "माझं नाव कुठंय?"

खाली होतं. खूप खाली. सरासरी बाईच्याही खाली.

दादानं घसा खाकरला. "हुमे, यंत्राचं म्हणणं असंय की तू टॅकल मारतेस, कारण तू उशिरा पोचतेस. वेळेवर जागेवर असतीस तर झोपावंच लागलं नसतं."

"म्हणजे माझ्या जागी सरासरी बाई उभी केली तर बरं?"

"मी नाही म्हणत. यंत्र म्हणतंय."

"यंत्र कुणी बनवलं?" हुमेरानं गुडघा पुढं केला. त्यावर टर्फनं सोललेल्या कातडीच्या जुन्या-नव्या खपल्या होत्या. "हे मोज की. हे दिसत नाही तुझ्या कॅमेऱ्याला?"

मी टेबलावरून उतरले. तिच्याकडं गेले तर तिनं माझ्याकडं बघितलं आणि म्हणाली, "नाच की. थांबलीस का?"

त्या दिवसापासून तिचा डबा वेगळा झाला.

दादाचे आकडे देशाच्या निवड समितीपर्यंत गेले. भारताच्या कॅम्पमध्ये डिफेंडरची एकच जागा उरली होती. पुण्यात चाचणी ठरली आणि आम्हा दोघींना बोलावणं आलं. मला यंत्रामुळं, हुमेराला तिच्या नावामुळं. या वर्षी नाही तर कधी नाही, हे दोघींनाही ठाऊक होतं. घरात माझ्या लग्नाचं चाललं होतं, तिच्या घरी बोलणीसुद्धा होऊन गेली होती. भारताची जर्सी आली असती तर दोन्ही घरांची तोंडं बंद झाली असती. जर्सी एक, तोंडं दोन घरची.

सराव मात्र एकत्रच होता. आणि तिथंच मला कळलं की यंत्र अडाणी आहे.

आमचा एक शब्द आहे. शाळेत असताना मी हुमेराच्या घरी गेले की तिची अम्मी दारातूनच ओरडायची, "हुमे, पाहुणी आली गं!" आणि हुमेरा असेल तिथून पळत यायची. तोच शब्द आम्ही मैदानात नेला. फॉरवर्ड माझ्यावर आली की मी तिची वाट बंद करायची, तिला उजवीकडं वळवायची आणि ओरडायचं, "पाहुणी!" हुमेरा असेल तिथून पळत यायची आणि पाहुणीला आडवी करायची. तिला उशीर व्हायचा, कारण तिला लांबून यायचं असायचं. लांबून यायचं, कारण मी माझ्याकडच्या सगळ्या तिच्याकडं पाठवायची.

त्या सरावात फॉरवर्ड आली, मी वाट बंद केली, ओरडले, "पाहुणी!"

हुमेरा जागची हलली नाही. कमरेवर हात ठेवून उभी. गोल.

पुन्हा आली. "पाहुणी!" पुन्हा गोल. पुन्हा. हुमेरा म्हणाली, "मी वेळेवर जागेवर उभी आहे. यंत्राला विचार, आवडलं का."

संध्याकाळी दादा पडद्यासमोर डोकं खाजवत बसला होता. "ईश्वरी, तुझा आकडा धाडकन पडलाय. आणि मला कारण सापडत नाही. तू तर नेहमीच्याच जागी उभी होतीस."

"दादा, तुझ्या यंत्राला कान आहेत का?"

"नाहीत."

"मग बहिरंय ते. मी ओरडते म्हणून ती पळते. ती पळत येणार हे फॉरवर्डला माहीत असतं, म्हणून ती माझ्याकडं आल्यावर बिचकते. तू एका वेळी एकीला काढतोस ना? दोघींना एकदम काढ. दोन सरासरी बाया उभ्या कर."

त्यानं खुर्ची माझ्याकडं वळवली. "तुला कळतंय का तू काय सांगतेयस? तुझा आकडा कमी होईल."

"काढ म्हणते ना!"

त्यानं जुन्या मॅचेस पुन्हा चालवल्या. दोन सरासरी बाया उभ्या राहिल्या आणि पडद्यावर गोलांचा पूर आला. माझा आकडा आणि हुमेराचा आकडा मिळवला तरी त्याच्या जवळपाससुद्धा जात नव्हता. दादा खुर्चीतून उठला, बसला, पुन्हा उठला. "अगं, हे दोघींचं मिळून आहे! यातलं तुझं किती, तिचं किती, सांगताच येत नाही. वाटणीच होत नाही याची!"

त्याचा चेहरा लहान पोरासारखा फुलला होता. माझाही फुलला होता. आपण दोघांनी काहीतरी पकडलंय हे आम्हाला कळत होतं. मग दोघांनाही एकदम आठवलं की जागा एकच आहे.

मी हुमेराला गाठून सगळं सांगितलं. ती बुटाची नाडी बांधत होती.

"म्हणजे इतकी वर्षं तू पाठवतेस म्हणून मी भिजते," ती म्हणाली.

"हो."

"आणि पाइप तू गुंडाळतेस."

"हो ना गं भवाने!"

तिला हसू आलं, पण तिनं ते गिळलं. "मैदानात भेटू. दया-बिया दाखवलीस तर स्टिक डोक्यात घालीन."

पुण्यात आम्हाला मुद्दाम वेगवेगळ्या टीममध्ये टाकलं. समितीच्या मॅडमनी स्पष्ट सांगितलं, "तुमची जोडी चांगली आहे, मान्य. मला एक हवी आहे. एकटी काय करते ते बघायचंय." बाईंचा राग आला, पण दुसरं तरी काय करणार त्या.

स्टँडमध्ये भोइटे सर येऊन बसले होते. डोक्याला रुमाल, हातात भेळेचा कागद.

माझ्या शेजारी झारखंडची रोशनी टोप्पो. पायात वारं असलेली पोरगी. पहिलीच फॉरवर्ड माझ्याकडं आली, मी वाट बंद केली, वळवली आणि सवयीनं बोंबलले, "पाहुणी!"

रोशनीनं वळून विचारलं, "क्या?"

गोल.

पलीकडं हुमेराचे तर हाल चालले होते. तिला पाहुणी पाठवणारंच कुणी नव्हतं. ती प्रत्येक ठिकाणी उशिरा पोचत होती, लोळत होती, उठत होती. आम्हीही गोल मारत होतो. मध्यंतराला दोघींच्या टीम सारख्याच भोकं पडलेल्या.

मध्यंतरात मी रोशनीला धरलं. "पाहुणी मतलब मेहमान. मैं चिल्लाऊँ तो समझ, मेहमान तेरे घर आ रहा है. दरवाजे पे ही गिरा दे."

तिनं दात काढले. "इतना ही?"

"इतनाच."

दुसरा हाफ सुरू झाला आणि काय सांगू! मी वळवायची, ओरडायची आणि रोशनी विजेसारखी यायची. सटासट टॅकल. चिंब भिजून उठायची आणि हात हलवून ओरडायची, "दीदी, एक और मेहमान भेजो!" मला आनंदानं वेड लागायची वेळ आली. म्हणजे हे फक्त हुमेराचं आणि माझं नव्हतं. हे शिकवता येत होतं. मी एका अनोळखी पोरीची पंधरा मिनिटांत हुमेरा करून दाखवली होती.

आणि मग मैदानाच्या त्या टोकाकडून आवाज आला.

"पाहुणी!"

हुमेरा. ती आपल्या शेजारणीला हाका मारत होती. जी जन्मात कधी जागेवर थांबली नाही ती जागेवर थांबली होती. एक पाऊल डावीकडं टाकत होती. माझं पाऊल! आणि आमच्या फॉरवर्डची कंबर वळता वळता अडकत होती. मी किती वर्षं तिच्या शेजारी खेळत होते; मला वाटायचं ती फक्त ऐकते. ती बघतही होती.

बरोबरी. शेवटची मिनिटं. त्यांची फॉरवर्ड माझ्यावर आली. मी वाट बंद केली. तिचा पाय रुतला, मनगट मिटायला लागलं, ती वळणारच होती. मी तोंड उघडलं.

स्टँडमधून सर उठून ओरडले, "ईश्वरे, झोप! झोप आता!"

त्या एका हाकेत किती पाइप होते ते माझं मला माहीत.

मी झोपले. सगळं अंग पुढं फेकलं. बॉल स्टिकवर असा काही बसला की बस्स! स्टँड उसळला. तोंडात टर्फचं पाणी गेलं. इतक्या टाळ्या माझ्यासाठी कधीच वाजल्या नव्हत्या. बॉल स्टिकवरून उडाला आणि मी सोडून आलेल्या जागेत गेला. तिथं त्यांची दुसरी पोरगी मोकळी उभी होती. मी पालथी पडलेली असतानाच गोलच्या फळीचा धाडकन आवाज ऐकला.

शिट्टी झाली तसे सर कुंपण ओलांडून धावत आले. त्यांनी माझ्या जर्सीचं टोक धरून पिळलं. धार लागली. "भिजली! माझी पोरगी भिजली!" त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. शप्पथ सांगते, गोल झालेला त्यांनी बघितलाच नव्हता.

पलीकडून हुमेरा चालत येत होती. मध्यंतरात बदललेली तिची जर्सी खडखडीत कोरडी होती.

जागा तिला मिळाली. मॅडम म्हणाल्या, "तिला टॅकल येतंच होतं. आज तिनं दुसरं कामही करून दाखवलं. आणि तू तुझं काम ऐन वेळी सोडलंस." मी ऐकून घेतलं. चुकीचं काय होतं त्यात? मी बाईंवर चिडले नाही. टाळ्यांवर चिडले.

हुमेरा माझ्यासमोर उभी राहिली. तिनं माझ्या जर्सीकडं बघून म्हटलं, "चिंब झालीस की गं. आज पाइप माझ्याकडं."

आणि खरंच गेली. त्या मैदानावरचा माळी "अहो ताई, अहो ताई" करत मागं धावतोय आणि ही भारताच्या कॅम्पला निवडलेली बाई मुकाट्यानं पाइप गुंडाळतेय. मी पलीकडचं टोक धरलं.

दादानं आता आडकाठीला कान बसवलेत. मैदानात मायक्रोफोन आहेत. दहिवडीत सर अजूनही जर्सी पिळतात, ते काही सुटायचं नाही. पण एखादी कोरडी निघाली तर विचारतात, "पाहुण्या कुणाकडं पाठवल्यास?" तिला सांगता आलं तर थाप. लहान पोरींना ते पाऊल आणि ती हाक मी शिकवते. पुढच्या चाचणीला जायचंय, म्हणून माझाही सराव चालूच आहे. लग्नाचं बोलायला आलेल्यांना आईनं परवा परस्पर वाटेला लावलं.

काल दुपारी हुमेराची पहिली आंतरराष्ट्रीय मॅच होती. क्लबात पडदा लावला होता, पाय ठेवायला जागा नव्हती. दादा मांडीवर यंत्र घेऊन बसलेला. भारत एका गोलनं पुढं होता आणि शेवटच्या मिनिटांत समोरच्या गोऱ्या पोरी लाटेसारख्या येत होत्या.

मी दादाला म्हटलं, "दादा, मला काढून दाखव या मॅचमधून."

"तू आहेस कुठं या मॅचमध्ये?"

पडद्यावर त्यांची फॉरवर्ड हुमेरावर आली. हुमेरा एक पाऊल डावीकडं सरकली. फॉरवर्डची कंबर अडकली, मनगट मिटलं, ती वळली. आणि हजारो माणसांच्या गोंगाटातून, सातासमुद्रापलीकडून, हुमेराचा चिरका आवाज आमच्या दहिवडीच्या भिंतीवर आदळला.

"पाहुणी!"

पलीकडून मणिपूरची एक पोरगी पळत आली आणि तिनं बॉल उडवला. क्लब फुटेल असा आरडाओरडा झाला. समालोचक म्हणत होता की भारतीय खेळाडू काय ओरडतायत ते कळत नाही.

दादानं मांडीवरच्या यंत्राकडं बघितलं. मग माझ्याकडं.

"काढ की," मी म्हटलं. "काढून दाखव."